आधी हे संपू दे

त्या माणसामुळे माझी एक नोकरी गेली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी त्यांच्या गमती सांगायला लागले तर कुणाला वाटायला नको की ही बाई आपल्या जुन्या सरांची आठवण काढून डोळे पुसतेय. महाडात त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं ढिगानं आहेत. कुठं लग्नाबिग्नात भेटली की सरांच्या नकला होतात, हशा होतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "पण काही म्हणा, देवमाणूस!" हशापर्यंत मी त्यांच्यात असते. देवमाणूस आला की मी पाणी प्यायला उठते.

क्लास बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. पुढची मोठी खोली क्लासची, मागच्या दोन खोल्यांत सर आणि काकू राहायचे. मूलबाळ नव्हतं. चपला जिन्याखाली काढायच्या, पाय पोत्यावर पुसायचे, मग वर. वर गेलं की समोर पाटी: 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. दुसऱ्या क्लासांतून विद्येचं, सरस्वतीचं काहीतरी लिहिलेलं असायचं. आमच्याकडे हे. नवी पोरं वाचून हसायची, सर हसायचे नाहीत.

सर एका वेळी एकच काम करायचे. तुम्ही म्हणाल, बरं मग, त्यात काय? मन लावून काम करणारा माणूस दिसतोय. तसं नाही. सर जिना चढत असताना कुणी "सर, उद्या बॅच आहे का?" असं विचारलं की ते थांबायचे. कठड्याला हात टेकून वळायचे, "आहे" म्हणायचे, पुन्हा तोंड फिरवायचे आणि मगच पुढची पायरी. मागं चारजण खोळंबले तरी. चहा घेताना भिंतीकडे तोंड करून बसायचे, कारण समोर माणूस दिसला की बोलणं निघतं, बोलणं निघालं की चहा निवतो. सायकलवरून जाताना पुढं म्हैस आली तर आधी खाली उतरायचे आणि मग घंटी वाजवायचे. हे मी एस.टी. स्टँडच्या वळणावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हैस तोवर निघून गेली होती, तरी घंटी वाजवली.

मी कुडपणची. बारावीनंतर पोलादपूरला मामाकडे राहायचे आणि एस.टी.नं महाडला यायचे. आमच्या घरात तोपर्यंत कुणी टाइपरायटरलाही हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मी की-बोर्डवर बोट ठेवलं ते उचलायचीच विसरले, आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग सुरू झाली. बाकीची पोरं फिदीफिदी हसली. सर माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि अर्धी सकाळ उठले नाहीत. एवढा वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाकडं मान वळवून पाहिलं नाही. सरांचं लक्ष आपल्यावर असलं की वाटायचं, जगात आपण एकटेच आहोत. ते दुसऱ्याकडं गेलं की मात्र आपण मेलो काय, जगलो काय, सारखंच. पण हे कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा मी त्या स्टुलावर भाळले, आणि कोर्स संपल्यावर सरांनी "तूच शिकव आता" म्हटलं तेव्हा मामाच्या घरी पेढे वाटले.

क्लासमधल्या नियमांचा राजा म्हणजे 'हात वर'. कुठल्याही मशीनवरून काही छापायला घेतलं किंवा फ्लॉपीवर उतरवायला घेतलं की सर आवाज द्यायचे, "हात वर!" त्याबरोबर खोलीतल्या प्रत्येकानं की-बोर्डवरून हात उचलून खांद्याच्या वर धरायचे, प्रिंटरची करकर थांबेपर्यंत. छापत असायचं एकच मशीन. बाकीची त्याला जोडलेलीसुद्धा नव्हती. एका चुणचुणीत मुलानं एकदा धीर करून विचारलं, "सर, पण आमचं मशीन वेगळं आहे ना?"

"मशीन वेगळं आहे," सर म्हणाले. "वीज एकच आहे ना?"

उमरठचे एक गृहस्थ एकदा आपल्या मुलीला काकड्या द्यायला वर आले. नेमकं तेव्हा प्रिंट चाललेलं. दारात पाऊल टाकलं तर समोर सगळी पोरंपोरी हात वर करून बसलेली.

"अगो, काय झालाय हितं? कोण शिरलाय काय आत?"

"काय नाय ओ बाबा, प्रिंट चाललाय," मुलगी हात न हलवता कुजबुजली.

"मंग हात कशाला वर?"

"सरांचा नियम हाय."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग काकड्यांच्या पिशवीसकट आपलाही हात वर केला आणि प्रिंट संपेपर्यंत दारात तसेच उभे राहिले. सरांना तो माणूस फार आवडला.

या नियमाला कारण होतं. क्लास नवा असताना सरांनी कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवली होती. दिवसभराचं काम. छापायला लावली आणि शेजारी बसलेल्या एका मित्रानं सहज म्हणून त्याच मशीनवर पत्त्यांचा खेळ उघडला. मशीन जे बसलं ते बसलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं, हलेना. सर त्या घड्याळासमोर कितीतरी वेळ बसून राहिले म्हणे. शेवटी बटण बंद केलं आणि पत्रिका गेली, कारण ती सेव्ह केलेली नव्हती. मित्रही गेला. सर त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर त्या काळच्या मशीनबद्दल सर चूक नव्हते. विंडोज आलं तेव्हा गावभर बोलबाला झाला की आता एका मशीनवर चार कामं एकदम होणार. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "होत नाहीत. होताहेत असं दाखवतात." आणि तसंच होतं. एक प्रोग्रॅम थांबतो तेव्हा दुसरा चालतो, फक्त ते इतकं भराभर की आपल्याला दोन्ही चालल्यासारखे वाटतात. जुन्या विंडोजमध्ये तर सगळी भिस्त प्रोग्रॅमच्या चांगुलपणावर. चालणाऱ्यानं आपण होऊन बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची. एखादा नाही झाला बाजूला की संपलंच. मग माउस हलवा, कळा बडवा, देवाचं नाव घ्या.

पोरांना हे काही केल्या कळेना. मग मी एकदा सांगितलं, आमच्या वाडीतला नळ धरा. नळ एक, बाया दहा. एकीनं थोडं भरलं की आपण होऊन हंडा सरकवायचा, दुसरीची कळशी लावू द्यायची, अशी रीत. सगळ्यांचं थोडं थोडं भरतं, भांडण होत नाही. पण एखादी अशी असते की हंडा लावते आणि गप्पा मारत उभी राहते. तिचा हंडा भरून वाहतो, बाकीच्या तोंडं बघत उभ्या. आता नव्या विंडोजनं काय केलं, तर नळावर पंचायतीचा शिपाई उभा केला. वेळ झाली की तो हंडा उचलून बाजूला ठेवतो, तुमची मर्जी असो नसो. पोरांना चटकन समजलं. सर दाराशी उभं राहून ऐकत होते.

पुढच्या बॅचपासून नळाची गोष्ट तेच सांगायला लागले. "आमच्या वाडीत" अशी सुरुवात करून. सरांचा जन्म महाडच्या बाजारपेठेत गेलेला, त्यांना कुठली आलीय वाडी! त्यांना खरोखरच आठवत नव्हतं की ती गोष्ट माझी आहे. शेवटी मात्र त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं. "शिपायावर विसंबू नका. शिपायाचं न ऐकणारी एक जुनी बाई प्रत्येक नळावर असतेच." आणि हे खरं निघायचं. नव्या विंडोजवर जुना एखादा प्रोग्रॅम लावला की तो सगळ्यांना घेऊन बसायचा. अशा वेळी सर आमच्याकडं असं बघायचे, जणू त्यांनीच त्याला पढवून पाठवलंय.

मी चोरून शिकले. सर चहाचा कप घेऊन भिंतीकडं वळले की मी दोन प्रोग्रॅम उघडायचे. ऑल्ट दाबून टॅब मारला की एक खिडकी जाऊन दुसरी येते. इकडं पत्र, तिकडं मालाचा तक्ता, इथलं उचलायचं, तिथं ठेवायचं. मला त्यात गोडी लागली होती. घरी आई एका चुलीवर भात, दुसरीवर कालवण, मांडीवर धाकटा आणि तोंडानं शेजारणीशी भांडण असं सगळं करायची. मला ते नवीन नव्हतं. एकदा सरांनी पाहिलं. ओरडले नाहीत. जवळ आले, माझ्या की-बोर्डवरची टॅबची कळ नखानं उचकटली, खिशात टाकली आणि गेले. पुढं कित्येक दिवस मी त्या उघड्या खुंटीवर पेन्सिलीचं मागचं टोक दाबून काम चालवलं.

काकूंना मी ही तक्रार सांगितली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, त्यांना जमतच नाही ते. सप्तपदीच्या वेळी भटजी म्हणाले, पाऊल टाका आणि मंत्र म्हणा. हे मंत्र म्हणायला लागले की पाऊल थांबायचं, पाऊल टाकलं की मंत्र. मांडवातले लोक जेवायला उठले तरी आमची सप्तपदी चाललेली." मीही हसले. आज वाटतं, तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. स्वतःला जमत नाही त्याचं काही माणसं तत्त्व करतात, आणि ते दुसऱ्याच्या माथी मारतात. सरांना लोक साधनेत बुडालेला माणूस समजायचे. ते बुडालेबिडालेले नव्हते. त्यांच्या डोक्याला खिडकीच एक होती.

नोकरीचं असं झालं. एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवणारं माणूस हवं होतं. मी मामाला घेऊन गेले. तिथल्या साहेबानं मला मशीनपुढं बसवलं आणि म्हणाला, ह्या तक्त्यातून माल काढा, त्या पत्रात टाका, आणि मी मध्येच तिसरं काही मागेन तेही द्या. त्यांचं मशीन आमच्याहून जुनं. मी दर वेळी खिडकी बदलायच्या आधी सेव्ह करायचे. ही सवय सरांच्या धाकानं लागलेली, ते श्रेय त्यांचं. साहेब मागं उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "आमच्याकडे हे मशीन अडकलं की सगळे चहाला जातात. आज कुणाला चहा मिळाला नाही." मामा बाहेर येऊन म्हणाला, "झाला तुझा काम. लिहून ठेव."

साहेबानं सांगितलं होतं, दोन दिवसांत फोन करतो, त्याआधी येऊ नका. फोन आला की त्याच दिवशी पाचच्या आत येऊन भेटायचं, नाहीतर दुसरं नाव तयार आहे. मामाकडे फोन नव्हता. मी अर्जावर क्लासचा नंबर दिला होता, पुढं पी.पी. लिहून. तेव्हा सगळे तसंच करायचे. शेजाऱ्याचा, दुकानदाराचा, ज्याच्याकडे फोन असेल त्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा, आणि निरोप आला की त्यानं तो पोचवायचा. पी.पी.चा निरोप न पोचवणं म्हणजे तोंडातला घास काढून घेण्यासारखं, असं लोक मानायचे. सरांना मी सांगितलं तेव्हा ते फ्लॉपीवर लेबल चिकटवत होते. चिकटवून झाल्यावर म्हणाले, "चांगलं आहे. फोन आला की सांगू."

त्या नोकरीवर माझं काय टांगलेलं होतं, तेही सांगते. त्याच आठवड्यात बाबा कुडपणहून पोलादपूरला उतरले होते. बोरिवलीच्या एका मुलाचं स्थळ सांगून आलं होतं, माझा मोठा भाऊ मुंबईत असतो त्याच्या ओळखीतलं. मी म्हटलं, मला इतक्यात नको. बाबांनी तंबाखू मळायला घेतली.

"नोकरी लागली तं मी त्यांना थांबवतो," ते म्हणाले. "वरीस-दोन वरीस. तुझ्या मनासारखा होऊ दे. पण नाय लागली तं मला थांबवता यायचा नाय गो. भाऊबंद बोलतात."

"लागेल, बाबा."

"लागू दे गो बाय. मला काय, आनंदच हाय."

पोरीच्या शब्दाखातर भावकीला थोपवायला तयार झालेला बाप आमच्या भागात तेव्हा विरळा. मला त्याचं मोल कळत होतं, म्हणून तर एवढा जीव टांगणीला लागला होता.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मी क्लासला पोचले तर सर मोठ्या मशीनपुढं बसलेले. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. नुकतंच आलेलं आणखी नवं विंडोज बसवायचा मुहूर्त त्यांनी तोच दिवस धरला होता. काकू सकाळच्या गाडीनं पेणला गेल्या होत्या, बहिणीचं बाळंतपण होतं. त्यामुळं घरात शुकशुकाट होता आणि सरांना हवी होती तशी शांतता. मी बॅच घेतली. दुपारी नवं विंडोज बसलं, पण प्रिंटरला ओळखेना. त्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवायची होती. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून यायचं, आणि ते लागलं की फोन बंद. बाहेरून कुणी नंबर फिरवला तर त्याला नुसता एंगेज टोन. मोडेम किंचाळलं, सरांनी आवाज दिला, "हात वर!" आणि फाइल उतरायला लागली, मुंगीच्या पावलानं.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले. "सर, मला कारखान्यातून फोन यायचाय."

"आधी हे संपू दे."

थोड्या वेळानं पुन्हा गेले. "सर, पाचच्या आत तिथं पोचायला लागेल. पाच मिनिटं लाइन मोकळी करता का?"

"मध्ये तोडलं की पुन्हा पहिल्यापासून," सर म्हणाले. पडद्यावरची नजर हलली नाही. "आधी हे संपू दे."

मी खाली एस.टी.डी. बूथवर धावले आणि कारखान्याला फोन लावला. उचलणारा म्हणाला, साहेब प्लांटमध्ये गेलेत, मागाहून करा. मग मी वेड्यासारखं आमच्या क्लासचाच नंबर फिरवला. एंगेज. रिसीव्हर कानाला लावून मी तो टोन ऐकत राहिले. माझ्या डोक्यावर, त्याच इमारतीत, वरच्या खोलीत ती लाइन अडवून बसलेला माणूस मला दिसत होता. बूथवाला म्हणाला, "ताई, लागत नाही तर ठेवा. मागं माणसं उभी आहेत."

पुन्हा वर गेले. भिंतीवरून जाणारी तार माझ्या हाताशी होती. ओढली नाही. चाललेलं काम मध्ये तोडायचं नाही, हे ज्यांनी शिकवलं तेच समोर बसले होते. मध्ये एकदा लाइन आपसूक तुटली. मी फोनकडे झेपावले, पण सरांनी माझ्याआधी पुन्हा जोडली. पाच वाजले, साडेपाच वाजले. संध्याकाळी फाइल उतरली, प्रिंटरनं सरांचं नाव छापून दाखवलं आणि सरांनी मला साखर दिली. मी ती हातात घेऊन जिना उतरले आणि भांड्यांच्या दुकानासमोर मुंग्यांना टाकली.

सकाळी उठून आधी कारखाना गाठला. साहेब घाईत होता. "केला होता की फोन," म्हणाला. "तुम्ही आला नाहीत. बिरवाडीची एक मुलगी आली, तिला घेतलं." मी समजले, फोन केला असेल, एंगेज लागला असेल. आणखी काय विचारायचं! गेटवरच्या वॉचमननं मला पाणी दिलं. त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे.

मे महिन्यात माझं लग्न झालं. वीर स्टेशनच्या फलाटावर बाबा माझ्यासमोर मान खाली घालून उभे होते, जणू त्यांनीच काही गुन्हा केलाय. नवरा वाईट निघाला असं नाही. वाईट निघाला असता तर सांगायला सोपं गेलं असतं. माणूस चांगला, बोरिवलीची खोली लहान, घरात सासूसासरे, दीर. कारखान्यात एकालाही चहा मिळू न देणारी मी दिवसातून चार वेळा सगळ्यांचा चहा करायला लागले. मशीनपुढं पुन्हा बसले ते माझी मुलगी कॉलेजात गेल्यावर. ती एका वेळी वीस खिडक्या उघडून बसते, कानात गाणं, हातात फोन. म्हणते, "आई, तू यात एवढी काय टक लावून बघतेस?" मी तिचा उष्टा कप उचलते. आपल्या चुलीचा धूर आपण कशाला तिच्या डोळ्यांत घालायचा!

नवऱ्यानं नोकरी सोडल्यावर आम्ही महाडला राहायला आलो. गेल्या वर्षी भाजीबाजारात काकू भेटल्या आणि ओढून घरी घेऊन गेल्या. क्लास कधीच बंद पडलेला. पुढच्या खोलीत आता धान्याचे डबे. सर खिडकीशी खुर्चीत बसलेले, खूप वाळलेले. मला ओळखलं, "बस" म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. काकू ताटात भिजवलेले वाल घेऊन सोलायला बसल्या. आत कुकर, समोर टीव्ही, आणि माझ्याशी गप्पा. हात एकदाही चुकत नव्हते. बोलता बोलता त्या म्हणाल्या,

"तुला तेव्हा कारखान्यात नोकरी लागली होती ना गं? मग नको का म्हणालीस? लग्नामुळं?"

"मला कुठं लागली, काकू? त्यांचा फोनच लागला नाही."

"अगं, आला होता की. मीच घेतला. मी पेणला निघायच्या गडबडीत. तो माणूस म्हणाला, बाईंचं काम झालंय, आज पाचच्या आत येऊन भेटू दे. मी तशीच जाऊन ह्यांना सांगितलं. हे त्या मशीनला बसलेले. म्हणाले, आधी हे संपू दे, मग ती आली की सांगतो." काकूंनी एक वाल सोलून वाटीत टाकला. "मी महिन्याभरानं आले तर तुझं लग्न ठरलेलं. मला वाटलं, पोरीनं संसार निवडला. बरं केलं, म्हटलं."

इतकी वर्षं मी एका टेलिफोनच्या तारेला शिव्या देत होते. तारेचा काही दोष नव्हता. मी पोलादपूरहून येऊन जिना चढायच्या आधीच फोन येऊन गेला होता. दिवसभर मी त्या माणसाच्या खुर्चीशेजारी उभी राहून "फोन यायचाय" म्हणत होते आणि तो येऊन गेलाय हे त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नुसतं "आला होता" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी पळत गेले असते. बाबांची ती फलाटावरची खाली घातलेली मान आठवली. बाबा आता नाहीत.

"सर," मी म्हटलं. ते वळले. "त्या दिवशी सकाळी माझा कारखान्याचा फोन आला होता. काकूंनी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो," सर म्हणाले. "सांगितलं होतं हिनं."

"मग मला का नाही सांगितलं, सर?"

त्यांनी खरंच विचार केला. टाळाटाळ करावी, विसरलो म्हणावं, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्यानं चांगला प्रश्न विचारावा तसे माझ्याकडं बघत राहिले.

"मी मध्ये होतो," म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "तो दिवस मला चांगला आठवतो. एवढं मोठं काम, सबंध दिवस, आणि मशीन एकदासुद्धा अडकलं नाही. का? तर दुसरं काही उघडलंच नव्हतं."

काकूंच्या हातातला वाल हातातच राहिला. "अहो..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मी पिशवी उचलली आणि उठले. आमच्याकडे निघताना थोरामोठ्यांच्या पाया पडायची रीत आहे. सरांनी सवयीनं पाय थोडे पुढं घेतले. मी काकूंना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरले.